कर्ज बुडवणारा सावकार

संत तुकाराम म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे वीणा, चिपळ्या आणि वैकुंठाचे विमान उभे राहते. मला मात्र ते आधी दुकानात, वहीखात्यापुढे बसलेले दिसतात. तुकोबा सावकाराच्या घरात जन्मले होते, ही गोष्ट कीर्तनात ओझरतीच येते.

इ. स. 1608 च्या सुमारास देहूला बोल्होबा व कनकाई यांच्या पोटी त्यांचा जन्म झाला. घरी शेती, दुकान, महाजनकी आणि सावकारी. पंढरीची वारीही पिढ्यान्‌पिढ्यांची. थोरले बंधू सावजी विरक्त वृत्तीचे, म्हणून कोवळ्या वयातच सारा व्यवहार तुकोबांच्या अंगावर पडला. पुढे आईवडील गेले, भावजय गेली, सावजी घर सोडून तीर्थयात्रेला निघून गेले. आणि 1630 चा तो भीषण दुष्काळ आला! गुरे मेली, कुळांकडचे येणे थकले, दुकान बसले. पहिली पत्नी रखुमाबाई अन्नावाचून गेली, मुलगा संतूही गेला. ज्या घराने इतरांना कर्ज द्यायचे, त्याच घराचे दिवाळे निघाले.

दुसरी पत्नी जिजाई ही पुण्याच्या आप्पाजी गुळव्यांची लेक. तिने आपल्या नावावर पैसा उभा करून नवऱ्याला पुन्हा व्यापाराला लावले, अशी कथा अठराव्या शतकातील चरित्रकार महिपतींनी दिली आहे. व्यापारात नफा झाला. पण परतीच्या वाटेवर देण्यापायी गांजलेला एक माणूस भेटला आणि तुकोबांनी सगळी रक्कम त्याला देऊन टाकली. जिजाई किती संतापली, हे लोक हसत हसत सांगतात. मला हसू येत नाही. खत तिच्या नावाचे होते!

आमच्या हुपरीत चांदीचे काम घरोघर चालते. आई पैंजणाच्या साखळ्या जोडते, मजुरी वजनावर मिळते. मजुरीच्या आधी उचल घ्यायची, मजुरीतून उचल कापून घ्यायची, उरलेल्यात भागत नाही म्हणून पुन्हा उचल! आईला वाचता येत नाही, म्हणून सातवीपासून ती वही मीच वाचून दाखवतो. माझ्या कॉलेजच्या फीचा आकडाही तिच्यातच आहे. जिजाईला कजाग म्हणतात हे मी आईला सांगितले, तेव्हा साखळी खाली न ठेवता ती म्हणाली की त्या बाईला हिशेब कळत होता.

दिवाळे निघाल्यावर तुकोबा भामगिरीच्या डोंगरावर जाऊन बसले. धाकटे बंधू कान्होबा त्यांना शोधत आले. मग दोघे इंद्रायणीकाठी आले. वडिलांच्या वेळची कर्जखते तुकोबांनी मागवून घेतली. ती सारीच नदीत टाकायची असे त्यांच्या मनात होते. कान्होबांनी आपला संसार पुढे केला. तेव्हा तुकोबांनी खतांचे दोन वाटे केले, एक भावाला दिला आणि फक्त आपला वाटा पाण्यात सोडला. हा प्रसंग मला चमत्कारांपेक्षा मोठा वाटतो. कर्ज ऋणकोने बुडवल्याचे आपण नेहमी ऐकतो, येथे धनकोनेच बुडवले. आणि तेही भावाच्या हक्काला धक्का न लावता.

त्याच पुणे जिल्ह्यात 12 मे 1875 रोजी सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांची घरे गाठली. त्यांचा रोखही खतांवरच होता. कागद हाती लागले की ते जाळायचे. दंगा पसरला, चौकशी झाली आणि 1879 मध्ये सरकारला दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा करावा लागला. आज तर 2014 चा सावकारी नियमन कायदा आहे, परवान्याशिवाय सावकारी करता येत नाही. पण उचलीच्या वहीला सावकारी कोण म्हणतो?

खते गेल्यावर तुकोबांनी देहूचे मोडकळीस आलेले विठ्ठलमंदिर दुरुस्त केले, कीर्तनाला उभे राहिले, अभंग रचले. पुढे त्या अभंगांच्या वह्याही इंद्रायणीत बुडवाव्या लागल्या. तेरा दिवसांनी त्या कोरड्या वर आल्या, असे परंपरा सांगते. कर्जखते वर आल्याचे कोणीच सांगत नाही.

1650 मध्ये तुकोबा गेले, तेव्हा जिजाई गरोदर होती. मागाहून जन्मलेल्या नारायणबाबांनी 1685 मध्ये पालखी सोहळा सुरू केला. ते पोर तिने कशावर वाढवले, हे मी वाचलेल्या एकाही चरित्रात नाही.