फुफ्फुसाचं ऑपरेशन पार पडलं, पण हृदयाने साथ सोडली. राजे सहावे जॉर्ज यांची अखेरची लढाई

जुन्या घरांतल्या पेट्यांमध्ये आजही एखादा राजाछाप रुपया निघतो. त्यातल्या कित्येक नाण्यांवर राजे सहावे जॉर्ज यांचा चेहरा आहे. भारत स्वतंत्र झाला तेव्हा ब्रिटनच्या गादीवर हेच होते.

त्यांचा जन्म १४ डिसेंबर १८९५ चा. राज्य खरं तर थोरल्या भावाचं. पण डिसेंबर १९३६ मध्ये भावाने गादी सोडली आणि बोलताना अडखळणाऱ्या या धाकट्यावर सगळा भार आला. बोलण्याचा दोष त्यांनी सरावाने बराच आटोक्यात आणला. महायुद्धात लंडनवर बॉम्ब पडत असतानाही त्यांनी देश सोडला नाही. सिगारेट मात्र सुटली नाही.

१९४८ मध्ये पाय दुखू लागले, बधिर पडू लागले. तपासणीत रक्तवाहिन्या कडक आणि अरुंद झाल्याचं निघालं. उजवा पाय कापावा लागतो की काय, इथपर्यंत वेळ आली होती. मार्च १९४९ मध्ये सर्जन जेम्स लिअरमंथ यांनी कमरेजवळच्या, रक्तवाहिन्या आवळून धरणाऱ्या नसा कापल्या. पायाचा रक्तपुरवठा सुधारला, पाय वाचला. पण रक्तवाहिन्यांचा मूळ आजार तसाच राहिला.

१९५१ मध्ये खोकला आणि ताप हटेना. डाव्या फुफ्फुसात गाठ सापडली. कॅन्सर होता. आता डॉक्टर पेचात पडले. गाठ ठेवली तर ती वाढणार. ऑपरेशन करावं तर अशा रक्तवाहिन्या असलेल्या माणसाला गुठळी होऊन जीव जाण्याची धास्ती. शिवाय एक फुफ्फुस काढलं की सगळं रक्त उरलेल्या एकाच फुफ्फुसातून ढकलावं लागतं, म्हणजे हृदयावर जादा ताण.

शेवटी ऑपरेशन ठरलं. २३ सप्टेंबर १९५१ रोजी बकिंगहॅम राजवाड्यातल्याच एका खोलीचं ऑपरेशन थिएटर करून सर्जन क्लेमेंट प्राइस थॉमस यांनी अख्खं डावं फुफ्फुस काढलं. कॅन्सर हा शब्द ना राजाला सांगितला गेला, ना प्रजेला. फुफ्फुसाच्या रचनेत बदल झालेत, एवढंच जाहीर झालं.

राजे उठून हिंडू-फिरू लागले. नाताळचं भाषण मात्र दम पुरेना म्हणून तुकड्या-तुकड्यांत रेकॉर्ड करावं लागलं. ३१ जानेवारी १९५२ ला ते थोरली मुलगी एलिझाबेथ हिला निरोप द्यायला विमानतळावर गेले. ५ फेब्रुवारीला सँड्रिंगहॅमला शिकारीलाही जाऊन आले. रात्री झोपले, ते ६ फेब्रुवारीच्या सकाळी उठलेच नाहीत. हृदयाच्या रक्तवाहिनीत गुठळी झाली होती. वय अवघं ५६. मुलगी तेव्हा केनियात होती. तिथेच ती राणी झाली.

ऑपरेशननंतर ते साडेचार महिने जगले. पाय, फुफ्फुस, हृदय या तिन्ही दुखण्यांना तंबाखूचा धूर पोसतो, हे आज पक्कं ठाऊक आहे. सिगारेट आणि फुफ्फुसाच्या कॅन्सरचा संबंध दाखवणारा डॉल आणि हिल यांचा अभ्यास १९५० मध्येच ब्रिटनमध्ये छापून आला होता.

आज असा पेशंट आला की फुफ्फुसाला हात लावण्याआधी ईसीजी, टू-डी इको, दम मोजण्याची तपासणी होते. हृदय कमजोर असेल तर आधी त्यावर उपचार, शक्य तिथे फुफ्फुसाचा थोडाच भाग काढणं किंवा किरणोपचार, असे मार्ग निघतात. म्हणून घरात कुणाचं असं ऑपरेशन ठरलं, तर छातीत दुखणं, चालताना पोटऱ्या भरून येणं, जुना अटॅक, बिडी-सिगारेट यातलं काहीही डॉक्टरांपासून लपवू नये.