४२.३४ मीटरवरचा आवाज

पनवेलच्या आमच्या घरात सकाळ घड्याळावर नव्हे, रेडिओवर चालायची. बातम्या लागल्या की वडील दाढीचा ब्रश हातात तसाच धरून उभे राहत. आईचं लाटणं थांबत नसे, पण कान तिकडेच असत. बातम्या संपेपर्यंत आम्ही मुलांनी ब्रही काढायचा नाही, असा नियम होता. त्या रेडिओला लायसन्स लागे. दरवर्षी पोस्टात पैसे भरायचे आणि त्याचं पुस्तक वडील रेशनकार्डाबरोबर पेटीत जपून ठेवत. बातमी ऐकायलाही सरकारची परवानगी लागते, याचं मला तेव्हा काहीच नवल वाटलं नाही.

पुढे बँकेच्या नोकरीत गिरगावात तीन वर्षं काढली. तिथे एका वृद्ध खातेदाराने पासबुक भरून घेता घेता मला सांगितलं, की बेचाळीस साली याच भागात चोरटं रेडिओ केंद्र होतं आणि ते एक मुलगी चालवत होती. उषा मेहता हे नाव मी पाठ्यपुस्तकात वाचलेलं होतं. पण ती गोष्ट आपल्या जेवणाच्या सुटीतल्या फेरफटक्याच्या रस्त्यांवर घडली, हे कळल्यावर ते नाव निराळंच वाटू लागलं. २०२४ मध्ये तिच्यावर हिंदी चित्रपट आला, तो पाहून नातीने विचारलं, आजोबा, हे खरंच झालं होतं का? तिला जे सांगितलं, तेच इथे लिहितो आहे.

उषाताईंचा जन्म २५ मार्च १९२० चा, सुरतेजवळच्या सरस गावचा. वडील ब्रिटिशांच्या न्यायखात्यात न्यायाधीश. म्हणजे घरात चळवळीचं वारं शिरणं कठीण. तरी १९२८ मध्ये आठ वर्षांची ही पोर सायमन कमिशनविरुद्धच्या मिरवणुकीत घोषणा देत होती. एकदा मुलांच्या फेरीवर लाठ्या पडल्या आणि झेंडा धरलेली मुलगी झेंड्यासकट खाली कोसळली. मारापेक्षा मुलांना झेंडा पडल्याचं दुःख अधिक. मग मोठ्यांनी खादीचं तिरंगी कापड दिलं, त्याचे कपडे शिवले आणि मुलं ते अंगात घालून पुन्हा रस्त्यावर आली. आता झेंडा पाडायचा तर पोरांनाच पाडावं लागणार होतं. वडील १९३० मध्ये निवृत्त झाले, १९३२ मध्ये कुटुंब मुंबईला आलं. विल्सन कॉलेजातून तत्त्वज्ञान घेऊन त्या १९३९ मध्ये पहिल्या वर्गात पदवीधर झाल्या आणि कायद्याचा अभ्यास करू लागल्या.

तो अभ्यास ऑगस्ट १९४२ मध्ये सुटला. आठ तारखेला गवालिया टँकवर ठराव झाला, नऊच्या पहाटे पुढाऱ्यांना पकडलं. वर्तमानपत्रांवर सेन्सॉर बसला आणि ऑल इंडिया रेडिओ तर सरकारचाच. चळवळीतली माणसं त्याची आद्याक्षरं घेऊन त्याला अँटी इंडिया रेडिओ म्हणू लागली होती. देश पेटलेला, आणि शेजारच्या जिल्ह्यात काय झालं हेही कुणाला नक्की कळेना. पनवेलजवळच्या चिरनेरला २५ सप्टेंबर १९३० रोजी जंगल सत्याग्रहात गोळीबार झाला, तेव्हा आमच्या आजोबांना ती बातमी बाजाराला आलेल्या माणसांकडून कळली होती. सांगणारा प्रत्येक जण मेलेल्यांचा आकडा वेगळा सांगत होता म्हणे. बातमीची वाट बंद झाली की अफवा पायवाटेने येतात.

बावीस वर्षांच्या उषाताई आणि त्यांचे मित्र यांनी ठरवलं, की आपलाच रेडिओ काढायचा. बाबूभाई खाकर, विठ्ठलदास झवेरी, चंद्रकांत झवेरी ही मंडळी, आणि शिकागो रेडिओ कंपनीच्या नानक मोटवानी यांची यंत्रसामग्रीची मदत. २७ ऑगस्टला ४२.३४ मीटरवर काँग्रेस रेडिओ बोलू लागला. केंद्राचा पत्ता सांगितला जाई तो फक्त एवढाच, की हिंदुस्थानातल्या कुठल्या तरी जागेवरून. सुरुवातीला ‘हिंदोस्ताँ हमारा’, शेवटी ‘वंदे मातरम्’, मध्ये हिंदुस्थानी आणि इंग्रजीतून बातम्या आणि भाषणं. राममनोहर लोहिया, अच्युतराव पटवर्धन, मोइनुद्दीन हॅरिस अशी मंडळी त्यामागे होती. भाषणांची ध्वनिमुद्रणं एकीकडे होत आणि प्रक्षेपण दुसरीकडे.

बातम्या निरोप्यांमार्फत येत. चितगावचा बॉम्बहल्ला, जमशेदपूरचा संप, बलियाची हकिगत लोकांनी ऐकली ती इथे. आणि आपल्या विदर्भातल्या आष्टी-चिमूरचीही. चिमूरला लष्कराने आणि पोलिसांनी बायकांवर केलेले अत्याचार दडपण्याची सरकारची धडपड इतकी होती, की पुढे प्राध्यापक भन्साळींनी चौकशीसाठी त्रेसष्ट दिवस उपास केला, त्याची बातमी छापायलाही बंदी आली. असल्या काळात एका भाड्याच्या खोलीतून चिमूरचं नाव उच्चारलं जात होतं.

जागा सारख्या बदलाव्या लागत. चौपाटीवरची सी व्ह्यू, लॅबर्नम रोडवरची अजित व्हिला, सँडहर्स्ट रोडवरचं लक्ष्मी भवन, गिरगावातली पारेखवाडी, महालक्ष्मीची पॅरडाइज. पोलिसांच्या गाड्या लहरींचा माग काढत हिंडत होत्या. पण बँकेत आयुष्य घालवलेल्या मला त्या गाड्यांपेक्षा भाडेपावत्यांची धास्ती अधिक वाटते. प्रत्येक जागेसाठी कुणाचं तरी नाव द्यायचं, कुणाची तरी सही, आगाऊ पैसे. एवढे कागद मागे ठेवून ही मुलं अडीच महिने निसटत राहिली.

घात झाला तो यंत्र उभारणाऱ्या तंत्रज्ञाकडून. तो पकडला गेला आणि त्याने जागा दाखवली. लोक त्याला सरसकट फितूर म्हणतात. कोठडीत माणूस काय करील हे बाहेर बसून ठरवायला मी धजत नाही. १२ नोव्हेंबरला बाबूभाईंच्या कचेरीवर छापा पडला. ते कळूनही उषाताई चंद्रकांत झवेरींना घेऊन प्रक्षेपणाच्या जागी गेल्याच. पळायला वेळ होता, पण त्या दिवसाच्या बातम्या जायच्या राहिल्या होत्या. कार्यक्रम सुरू झाला, बातम्या झाल्या, शेवटची तबकडी लागली, आणि दारावर धडका बसू लागल्या. दारं फोडून पोलीस आत आले. त्यांनी तबकडी थांबवायला सांगितली. उषाताईंनी थांबवली नाही.

मला त्यांचं मोठेपण दिसतं ते त्यापुढच्या महिन्यांत. रोज बोलणारी ही मुलगी आता अजिबात बोलेना. चौकशी महिनोन्‌महिने चालली, एकांतात ठेवलं, परदेशात शिकायला पाठवण्याचं आमिष दाखवलं. खटल्यात त्यांनी न्यायाधीशांना विचारून घेतलं, की प्रश्नांची उत्तरं देणं बंधनकारक आहे का. नाही, असं कळताच त्यांनी एकाही प्रश्नाचं उत्तर दिलं नाही, स्वतःच्या बचावाचं ठरलं असतं त्याचंही नाही. बाबूभाईंना पाच वर्षं, उषाताईंना चार, चंद्रकांतना एक, आणि विठ्ठलदास व मोटवानी सुटले. येरवड्याच्या तुरुंगात प्रकृती ढासळली, तेव्हा त्यांना जे. जे. रुग्णालयात आणलं, तेही अहोरात्र पोलीस पहाऱ्यात. १९४६ मध्ये मोरारजी देसाईंच्या आदेशाने सुटका झाली.

ढासळलेल्या प्रकृतीमुळे, स्वातंत्र्य आलं तेव्हा त्याच्या समारंभांना त्या जाऊ शकल्या नाहीत. राजकारणातही त्या पुढे शिरल्या नाहीत. गांधींच्या विचारावर पीएच.डी. केली आणि मुंबईत १९८० पर्यंत शिकवलं. खादी सोडली नाही. लॅबर्नम रोडवरच्या मणिभवनाची धुराही त्यांनी वाहिली. बेचाळीस साली ज्या रस्त्यावर एक पेटी लपवून त्या पोलिसांना चुकवत होत्या, त्याच रस्त्यावर त्या पुढे उजळ माथ्याने, परदेशी पाहुण्यांचं स्वागत करत वावरल्या. १९९८ मध्ये पद्मविभूषण मिळालं.

२००० सालच्या ९ ऑगस्टला अंगात ताप होता. तरी दरवर्षीसारख्या त्या क्रांती मैदानावर गेल्या, थकून घरी आल्या आणि ११ ऑगस्टला गेल्या. वय ऐंशी.

हे सगळं ऐकून नातीने एकच विचारलं, त्या शेवटच्या दिवशीच्या बातम्या कोणत्या होत्या? ते मात्र मी तिला सांगू शकलो नाही.