कणा मोडलेल्यांचे डॉक्टर : लुडविग गुटमन

सन १९१७ सालीं, पहिलें महायुद्ध चाललें असतां, जर्मनीच्या पूर्व भागांतील कोनिग्सह्युटे नांवाच्या खाणींच्या शहरीं एका इस्पितळांत सुमारें अठरा वर्षांचा एक मुलगा रोग्यांची सेवा करीत होता. एके दिवशीं तेथें एका धट्ट्याकट्ट्या तरुण खाणकामगारास आणण्यांत आलें. त्याच्या पाठीचा कणा मोडला होता व कमरेपासून खालचें सर्व अंग लुळें पडलें होतें. मुलगा नेमाप्रमाणें त्याची हकीकत टिपून घेऊं लागला, तेव्हां त्यास सांगण्यांत आलें कीं, इतके लिहिण्याचे श्रम करूं नयेत, हा मनुष्य कांहीं आठवड्यांतच मरावयाचा आहे. रोग्यास प्लॅस्टरांत गुंडाळून पडद्याआड ठेवण्यांत आलें, आणि पांच आठवड्यांनीं तो खरोखरच मेला. तो हृष्टपुष्ट देह दिवसेंदिवस सडत गेलेला ज्यानें पाहिला व जो तें जन्मभर विसरला नाहीं, तो मुलगा म्हणजेच लुडविग गुटमन.

आमच्या खेडेगांवांतील वाचकांस या दुखण्याची ओळख नाहीं असें नाहीं. आंब्याच्या झाडावरून, घराच्या आढ्यावरून किंवा विहिरीचें काम चाललें असतां पडून ज्याचा कणा मोडला व पाय गेले, असा एखादा मनुष्य पंचक्रोशींत असतोच. अंगावरून वारें जाणें तें निराळें. त्याचें मूळ मेंदूंत असतें. येथें मात्र कण्याच्या पोकळींतून जाणारा मज्जातंतूंचा दोर चेंगरतो किंवा तुटतो, आणि त्या जागेच्या खालचें अंग ना हलतें, ना त्यास कांहीं समजतें. परंतु मरण येतें तें बहुधा या तुटण्यानें नव्हे. ज्या अंगास वेदना नाहीं त्यास एकाच कुशीवर तासन्‌तास पडल्याचें दुःखही कळत नाहीं. हाडाचा भार कातडीवर पडून तेथील रक्त थांबतें, क्षत पडतें, तें खोल जातें व सडतें. दुसरीकडे लघवी तुंबते, तिच्यांत पू होतो, आणि तें विष मूत्रपिंडांपर्यंत चढतें. पहिल्या महायुद्धांत कणा मोडलेले शिपाई बहुतेक या दोनच दारांनीं गेले. डॉक्टर लोक हें जाणत होते, तरी त्यास उपाय नाहीं असें धरून चालत होते.

गुटमन यांचा जन्म ३ जुलै १८९९ रोजीं टोस्ट या गांवीं एका यहूदी कुटुंबांत झाला. (हा सर्व मुलूख आतां पोलंड देशांत आहे.) वैद्यकीचें शिक्षण घेऊन १९२४ सालीं ते डॉक्टर झाले, आणि मज्जातंतूंच्या विकारांत त्या काळीं नांवाजलेले डॉक्टर फर्स्टर यांच्या हाताखालीं ब्रेस्लौ शहरीं त्यांनीं कित्येक वर्षें काम केलें. १९३३ सालीं हिटलरचें राज्य आलें. यहूदी डॉक्टरांनीं सरकारी इस्पितळांत काम करूं नये असा कायदा झाला व गुटमन यांची जागा गेली. तेव्हां ते त्याच शहरांतील यहूदी इस्पितळांत रुजू झाले, आणि १९३७ सालीं त्याचे मुख्य झाले.

९ नोव्हेंबर १९३८ ची रात्र त्या देशाच्या इतिहासांत काळी म्हणून नमूद आहे. त्या रात्रीं जर्मनीभर यहूद्यांचीं सभास्थानें जाळण्यांत आलीं, त्यांचीं दुकानें फोडण्यांत आलीं, आणि हजारों पुरुषांस धरून बंदिछावण्यांत पाठविण्यांत आलें. गुटमन यांनीं आज्ञा केली कीं, जो कोणी इस्पितळाच्या दारीं येईल त्यास, रोग आहे कीं नाहीं हें न विचारतां, आंत घ्यावें. सकाळीं पाहावें तों ६४ नवे रोगी खाटांवर! मग गुप्त पोलीस आले व एका रात्रींत इतके लोक आजारी कसे पडले म्हणून जाब विचारूं लागले. गुटमन त्यांस घेऊन खाटेखाटेपाशीं फिरले आणि प्रत्येकास एकेक भयंकर रोग देत गेले. पोलिसांची नजर चुकवून ते आपलें तोंड वेडेंवांकडें करीत, म्हणजे तशीच मुद्रा रोग्यानेंही करावी, असेंही सांगतात. ६४ पैकीं ६० जण वांचले. त्या सकाळीं ते जितकें खोटें बोलले तितकें सबंध आयुष्यांत बोलले नसतील. त्याबद्दल त्यांस दोष देणारा मनुष्य मला अजून भेटावयाचा आहे.

यहूद्यांस परदेशीं जाण्याची मनाई असतांही लवकरच सरकारनेंच त्यांस पोर्तुगाल देशीं एका रोग्यास तपासण्याकरितां पाठविलें. तो रोगी तेथील सत्ताधीश सालाझार यांचा स्नेही होता. परततांना ते लंडनवरून आले, आणि निराश्रित विद्वानांस साहाय्य करणाऱ्या तेथील मंडळीनें त्यांची सोय लावून दिली. मार्च १९३९ मध्यें पत्नी व दोन मुलें यांसह ते ऑक्सफर्ड येथें पोहोंचले. हातांत पैसा नव्हता, इंग्रजी भाषा मोडकीतोडकी. तेथें कांहीं वर्षें ते संशोधनाच्या कामावर होते, परंतु रोग्यांपासून दूर राहणें त्यांस मानवत नव्हतें.

दुसऱ्या महायुद्धांत युरोपच्या किनाऱ्यावर सैन्य उतरविण्याची तयारी चालली असतां, कणा मोडलेले शिपाई पुष्कळ येतील हें ओळखून ब्रिटिश सरकारनें त्यांच्याकरितां एक निराळा विभाग काढण्याचें ठरविलें. या कामास हात घालण्यास फारसें कोणी उत्सुक नव्हतें, कारण ज्यांत यश नाहीं तें काम कोण मागून घेतो? गुटमन यांनीं एकच अट घातली, कीं उपचार माझ्या मताप्रमाणें होतील, त्यांत कोणी ढवळाढवळ करूं नये. १ फेब्रुवारी १९४४ रोजीं एल्सबरी गांवाजवळ स्टोक मँडव्हिल येथें २६ खाटांचा तो विभाग सुरू झाला.

त्यांनीं काय केलें हें ऐकून वाचकांस कदाचित्‌ निराशा वाटेल, कारण त्यांत चमत्कार मुळींच नाहीं. रोगी प्लॅस्टरांत घालून येत. तें प्लॅस्टर त्यांनीं काढविलें. गुंगीचीं औषधें कमी केलीं. दर दोन तासांनीं, दिवसा व रात्रींही, प्रत्येक रोग्याची कूस बदलली जावी असा कडक नियम केला, आणि तो पाळला जातो कीं नाहीं हें पाहण्यास ते स्वतः रात्रीं अपरात्रीं अचानक येऊन उभे राहत. कातडी रोज तपासली जाई. लघवीची नळी घालण्याचें काम निर्जंतुक हातांनींच व्हावें यावर त्यांचा कटाक्ष असे. एवढ्यानें क्षतें भरून आलीं व माणसें जगूं लागलीं. (कोणा वाचकाच्या घरीं असा रोगी असेल तर कूस बदलणें व कातडी पाहणें हीं दोन कामें आजही तितकींच खरीं आहेत, आणि त्यांस पैसा लागत नाहीं, जागरण मात्र लागतें.) अमेरिकेंत बोस्टन शहरीं डॉक्टर मन्रो यांनीं अशाच धर्तीचें काम आधींच चालविलें होतें, हें न्यायानें सांगितलें पाहिजे. परंतु गुटमन तेवढ्यावर थांबले नाहींत.

जगविलेल्या माणसानें पुढें काय करावयाचें? येथें त्यांची खरी थोरवी दिसते. आधीं बसावयास शिकणें. ज्यास कमरेखालीं कांहीं समजत नाहीं त्यास नुसतें तोल सांभाळून बसणेंही जड जातें. म्हणून दंड, खांदे व छाती यांची शक्ति वाढवावयाची, आणि त्यांच्या जोरावर खाटेवरून चाकांच्या खुर्चींत आपलें आपण उतरावयाचें. मग काम. इस्पितळांतच सुतारकामाची व घड्याळें दुरुस्त करण्याची कार्यशाळा निघाली. ज्यास पडून राहावयाचें होतें त्यास पडूं दिलें जात नसे. आपले रोगी बरे होऊन सरकारास कर देऊं लागले याचा गुटमन यांस फार अभिमान वाटे. दयेवर जगणारा व कर भरणारा यांतील अंतर ते जाणत होते.

स्वभावानें ते गोड नव्हते. परिचारिकांवर ओरडत, रोग्यांवरही ओरडत, आणि आपलें म्हणणें पुरें केल्यावांचून सोडीत नसत. तरी रोगी त्यांस लाडानें पोपा, म्हणजे बाबा, म्हणत. लुळ्या माणसाशीं सारे जग हळू आवाजांत बोलत असतां, एक मनुष्य आपल्यावर धडधाकट माणसाप्रमाणें रागावतो, यांत त्यांस कांहीं मान वाटत असावा असें मला वाटतें.

एके दिवशीं कांहीं रोगी खुर्च्यांत बसून काठ्यांनीं एक चकती इकडून तिकडे ढकलीत खेळतांना त्यांस आढळले. त्यांनीं स्वतः खुर्चींत बसून तो खेळ खेळून पाहिला. तो फार धसमुसळा ठरल्यामुळें पुढें बंद केला, पण तेव्हांपासून खेळ हें त्यांच्या औषधांपैकीं एक मुख्य औषध झालें. धनुर्विद्या त्यांस विशेष प्रिय होती. धनुष्य ओढल्यानें पाठ व खांदे बळकट होतात. शिवाय त्यांत पाय असलेला व पाय नसलेला हे एकमेकांशीं बरोबरीनें स्पर्धा करूं शकतात. २९ जुलै १९४८ रोजीं लंडन येथें ऑलिंपिक खेळांचा आरंभ झाला, त्याच दिवशीं स्टोक मँडव्हिलच्या हिरवळीवर १४ पुरुष व २ स्त्रिया चाकांच्या खुर्च्यांत बसून तीर मारीत होत्या. तिकडे राजा आणि हजारों प्रेक्षक, इकडे इस्पितळाचें अंगण! पुढल्या वर्षीं ३७ खेळाडू आले. गुटमन यांनीं तेव्हांच बोलून दाखविलें कीं एक दिवस हे खेळ ऑलिंपिकच्या तोडीचे होतील. ऐकणारांस तें मोठें बोलणें वाटलें असेल.

१९५२ सालीं हॉलंडहून खेळाडू आले, आणि स्पर्धा एका देशाची न राहतां अनेक देशांची झाली. १९६० सालीं रोम शहरीं, ऑलिंपिक आटोपल्यावर थोड्याच दिवसांनीं, २३ देशांचे सुमारें ४०० खेळाडू जमले. राहण्याच्या जागा उंच खांबांवर बांधलेल्या होत्या, त्यामुळें इटलीच्या शिपायांनीं त्यांस खुर्च्यांसकट उचलून जिन्यांवरून नेलें. ज्यास आज पॅरालिंपिक म्हणतात त्या खेळांचा हा आरंभ होय. आपला हिंदुस्थान १९६८ मध्यें तेल अवीव येथें प्रथम सामील झाला.

१९७२ चे खेळ जर्मनींतच हायडेलबर्ग येथें भरले. ज्या देशानें नोकरी काढून घेतली व प्राण घेण्यासही कमी केलें नसतें, त्या देशीं गुटमन आतां आपल्या खेळांचे अध्वर्यू म्हणून गेले. त्याच खेळांत आपल्या सांगली जिल्ह्यांतील पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर यांनीं पन्नास मीटर पोहण्यांत सुवर्णपदक मिळविलें. ते लष्करांत होते. १९६५ च्या युद्धांत गोळ्या लागून त्यांच्या कमरेखालच्या अंगाचें चलनवलन गेलें, आणि पोहण्यास त्यांनीं आरंभ केला तो उपचार म्हणूनच. पॅरालिंपिकमध्यें हिंदुस्थानास मिळालेलें तें पहिलें सुवर्णपदक. सरकारनें त्यांस पद्मश्री दिली ती २०१८ सालीं, म्हणजे शेहेचाळीस वर्षांनीं.

गुटमन यांस १९६६ सालीं सर हा किताब मिळाला. त्याच सुमारास ते इस्पितळांतून निवृत्त झाले, तरी खेळांचें काम त्यांनीं अखेरपर्यंत सोडलें नाहीं. १८ मार्च १९८० रोजीं, वयाच्या ऐंशीव्या वर्षीं, त्यांचा अंत झाला. स्टोक मँडव्हिल येथें कणा मोडलेल्यांचा तो विभाग अद्याप चालू आहे.