स्वसमाजाचें वैगुण्य आणि बेर्था पापेनहाइमबाई

जो समाज इतरांच्या द्वेषाचा विषय झालेला असतो, त्यानें आपल्या घरांतील दोष उघडपणें मांडावे कीं झांकून ठेवावे, हा प्रश्न प्रत्येक अल्पसंख्य समाजापुढें केव्हांना केव्हां उभा राहतोच. झांकण्याचा सल्ला देणारे सर्वच लबाड असतात असें नाहीं. त्यांतील पुष्कळांस खरोखरच भय वाटत असतें. परंतु त्या मौनाची किंमत कोणास द्यावी लागते, याचा विचार ते क्वचितच करतात. हा विचार ज्यांनीं जन्मभर केला, त्या जर्मनींतील यहुदी समाजसेविका बेर्था पापेनहाइमबाई यांचें चरित्र आम्ही आज वाचकांपुढें ठेवीत आहों.

बाईंचा जन्म २७ फेब्रुवारी १८५९ रोजीं व्हिएन्ना येथील एका सधन व सनातनी यहुदी कुटुंबांत झाला. धाकट्या भावास विश्वविद्यालयाचें द्वार मोकळें होतें. बाईंचें शिक्षण मात्र सोळाव्या वर्षाच्या सुमारास संपलें, आणि भरतकाम करीत विवाहाची वाट पाहणें एवढेंच त्यांच्या वांट्यास आलें. १८८० सालीं वडिलांची शुश्रूषा करतां करतां त्या स्वतःच आजारी पडल्या. डॉ. ब्रॉयर यांनीं त्यांच्यावर उपचार केले, आणि ब्रॉयर व फ्रॉइड यांच्या १८९५ च्या ग्रंथांत 'ॲना ओ.' या कल्पित नांवानें त्यांची हकीकत प्रसिद्ध झाली. ही रुग्ण कोण, हें १९५३ सालीं उघड झालें. तेव्हांपासून पुष्कळ लोक बाईंस केवळ त्या आजारावरून ओळखतात. आमच्या मतें हा त्यांच्यावर मोठा अन्याय आहे. त्यांचें खरें आयुष्य आजार संपल्यावर सुरू झालें.

१८८८ सालीं त्या आईसह फ्रांकफुर्ट येथें राहावयास गेल्या. तेथें गरिबांच्या अन्नछत्रांत व अनाथ मुलींत त्यांनीं कामास आरंभ केला, आणि १८९५ पासून बारा वर्षें यहुदी मुलींच्या अनाथगृहाचा कारभार पाहिला. मुलींचें शिक्षण केवळ विवाहासाठीं नसून स्वतःच्या पायांवर उभें राहण्यासाठीं असावें, हा त्यांचा आग्रह होता. इंग्रज विदुषी मेरी वुलस्टनक्राफ्ट यांच्या स्त्रियांच्या हक्कांवरील ग्रंथाचें जर्मन भाषांतर त्यांनीं १८९९ सालीं प्रसिद्ध केलें.

१९०३ सालीं त्या गॅलिशिया प्रांतांत हिंडल्या. तेथील यहुदी वस्त्यांत दारिद्र्य पराकाष्ठेचें होतें, आणि त्या दारिद्र्यावर मुलींचा व्यापार करणारे लोक पोसले जात होते. गुपचूप धार्मिक विवाह लावून मुलीस परदेशीं न्यावयाचें व तेथें वेश्यागृहांत विकावयाचें, असा त्यांचा क्रम असे. अशा विवाहास सरकारी कायद्याचा आधार नसे. उलट धर्मशास्त्राप्रमाणें नवऱ्यानें सोडपत्र दिल्यावांचून किंवा त्याच्या मृत्यूचा पुरावा मिळाल्यावांचून स्त्रीस पुनर्विवाह करतां येत नसे. नवरा बेपत्ता झाला म्हणजे ती जन्माची बांधली जाई. या व्यापारांत बळी पडणाऱ्या मुलींप्रमाणें व्यापार करणाऱ्यांतहि यहुदी होते, ही गोष्ट बाईंनीं निर्भीडपणें जाहीर केली.

समाजाचे पुढारी यामुळें संतापले. शत्रूंच्या हातीं आयतें शस्त्र दिल्याचा दोष त्यांनीं बाईंवर ठेवला. ही भीति निराधार होती असें आम्ही म्हणत नाहीं. यहुदीद्वेष त्या काळीं जर्मनींत चांगलाच माजला होता. परंतु शस्त्र हिरावून घेण्याचा मार्ग गप्प बसणें हा नसून तें दुष्कृत्य बंद पाडणें हा आहे, हें बाईंनीं ओळखलें. १९०४ सालीं त्यांनीं यहुदी महिला संघ स्थापिला व वीस वर्षें त्याचें अध्यक्षपद सांभाळलें. पुढें या संघाच्या सभासदांची संख्या सुमारें पन्नास हजार झाली. एकट्या प्रवास करणाऱ्या मुलींस आगगाडीच्या स्थानकावर भेटून सावध करणें, त्यांस धंदेशिक्षण देणें आणि समाजाच्या निवडणुकींत स्त्रियांस मताधिकार मागणें, हीं संघाचीं कामें होतीं.

१९०७ सालीं फ्रांकफुर्टजवळ नॉय-इझेनबुर्ग येथें त्यांनीं एक आश्रयगृह उघडलें. अविवाहित माता, त्यांचीं मुलें आणि कुमार्गास लागण्याचें भय असलेल्या मुली यांस तेथें घर मिळे. सण, व्रतें व आहाराचे नियम तेथें काटेकोरपणें पाळले जात. कारण बाईंचें भांडण धर्माशीं नव्हतें, धर्माच्या नांवाखालीं दया विसरणाऱ्यांशीं होतें. तेथील शिक्षणाचा भर मुख्यतः गृहकृत्यांवर होता, व तो आम्हांस अपुरा वाटतो. परंतु जिला स्वतःच्या घरींहि थारा नव्हता, तिला प्रथम छप्पर हवें होतें.

१९३३ सालीं नाझी सत्तारूढ झाले. एप्रिल १९३६ मध्यें दुर्धर रोगानें जर्जर झालेल्या बाईंस गुप्त पोलिसांनीं चौकशीसाठीं बोलाविलें. २८ मे रोजीं त्यांचें देहावसान झालें. नोव्हेंबर १९३८ मध्यें आश्रयगृहाची मुख्य इमारत जाळण्यांत आली, महिला संघ बंद पाडण्यांत आला, आणि १९४२ सालीं आश्रयगृहाचीहि अखेर होऊन उरलेल्यांस छळछावणीकडे धाडण्यांत आलें.

तेव्हां मौन राखणाऱ्यांचेंच खरें ठरलें काय? मुळींच नाहीं. ज्यांनीं हा संहार केला, त्यांस बाईंच्या भाषणांची गरज नव्हती. द्वेषास कारण लागत नाहीं, तो तें निर्माण करतो. पुढाऱ्यांचें ऐकून बाई गप्प बसत्या, तर समाज वांचला नसता. मात्र ज्या मुली त्या काळांत वांचल्या, त्याहि गेल्या असत्या. आमच्या वाचकांनीं आपापल्या ज्ञातींतील व पंथांतील संस्थांकडे या दृष्टीनें पाहावें. तेथील हिशेबवह्यांत देणगीदारांचीं नांवें सुवाच्य अक्षरांत लिहिलेलीं असतात. फसविलेल्या मुलीस, टाकलेल्या स्त्रीस व पोरक्या मुलास त्या संस्थेचें दार उघडें आहे काय, हें एकदां जातीनें जाऊन पाहावें, आणि नसल्यास तें उघडण्याची मागणी पुढच्याच सभेंत करावी.