मायकेल फॅरडे आणि घन इलेक्ट्रोलाइट

मोबाइलची किंवा ई-स्कूटरची बॅटरी पेटल्याच्या बातम्या अधूनमधून येतात. अशा आगीला खाद्य पुरवतो तो लिथियम-आयन बॅटरीतील ज्वालाग्राही द्रव इलेक्ट्रोलाइट. त्याच्या जागी घन पदार्थ वापरण्यासाठी जगभर संशोधन सुरू आहे. त्याचा धागा थेट मायकेल फॅरडे यांच्यापर्यंत जातो.

फॅरडे यांचा जन्म २२ सप्टेंबर १७९१ रोजी लंडनलगत एका लोहाराच्या घरी झाला. शिक्षण जेमतेम. चौदाव्या वर्षी ते पुस्तक-बांधणीच्या दुकानात उमेदवारी करू लागले आणि बांधायला आलेली पुस्तके वाचूनच विज्ञानाकडे वळले. हम्फ्री डेव्ही यांच्या व्याख्यानांची टिपणे त्यांनी स्वतः बांधून डेव्हींना पाठवली. १८१३मध्ये त्यांना रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मदतनीसाची नोकरी मिळाली. विद्युतचुंबकीय प्रवर्तनाचा १८३१मधील त्यांचा शोध सर्वपरिचित आहे.

पुढे त्यांनी विद्युत-अपघटनाचा अभ्यास हाती घेतला. बर्फातून वीज जात नव्हती, त्याचे पाणी झाले की जात होती. अनेक क्षारांचेही तसेच. घन असताना वीज अडते आणि वितळल्यावर वाहते, असा नियमच दिसत होता. सिल्व्हर सल्फाइड मात्र त्यात बसेना. तापवल्यावर ते घन असतानाच वीज वाहू देई, थंड झाले की अडवे. लेड फ्लुओराइडही तापवल्यावर, वितळण्याआधीच, वीजवाहक झाले. नियमाला छेद देणाऱ्या या नोंदी फॅरडे यांनी झाकून ठेवल्या नाहीत, हे विशेष. ‘इलेक्ट्रोलाइट’ आणि ‘आयन’ हे शब्दही १८३४मध्ये त्यांनीच विज्ञानाला दिले. पण तापलेल्या लेड फ्लुओराइडच्या स्फटिकातून फ्लुओराइडचे आयनच जागा बदलत पुढे सरकतात, हे उलगडायला विसावे शतक उजाडले.

चाळिशी उलटल्यावर त्यांना विस्मरण आणि चक्कर यांचा त्रास सुरू झाला. काही काळ संशोधन जवळपास थांबले. प्रयोगांच्या क्रमवार लिहिलेल्या नोंदवह्या तेव्हा त्यांचा मोठा आधार होत्या. २५ ऑगस्ट १८६७ रोजी त्यांचे निधन झाले.

बरोबर शंभर वर्षांनी, १९६७मध्ये, अमेरिकेतील फोर्ड कंपनीच्या संशोधकांनी सोडियम बीटा-अ‍ॅल्युमिना या घन पदार्थातून सोडियमचे आयन वेगाने वाहतात, असे दाखवले. सोडियम साध्या मिठातून मिळते, लिथियमपेक्षा कितीतरी मुबलक. मात्र द्रव जसा इलेक्ट्रोडच्या प्रत्येक खाचेत शिरतो, तसा घन पदार्थ शिरत नाही. प्रयोगशाळा आज झगडत आहेत त्या या अडचणीशी.