धरतीआबा बिरसा मुंडा



आपल्या भारत देशात अनेक थोर पुरुष होऊन गेले. छत्रपती शिवाजी महाराज, महात्मा फुले, डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांची माहिती आपण पुस्तकात वाचतो. मी आज बिरसा मुंडा यांची माहिती लिहिणार आहे. १५ नोव्हेंबरला आपल्या शाळेत त्यांच्या फोटोला हार घालतात. फोटोत त्यांच्या डोक्याला पागोटं आहे. पण ते कोण होते हे मला माहीत नव्हतं. मला वाटायचं, आपल्याकडे मुंडे आडनाव असतं तसलेच कोणीतरी असतील. पण तसं नाही. मुंडा ही आदिवासींची एक जमात आहे. त्यांची भाषा मुंडारी. त्यांचा मुलूख म्हणजे रांचीच्या आसपासचा डोंगराळ भाग. त्याला छोटा नागपूर म्हणतात. आपलं नागपूर वेगळं, हे वेगळं. आज हा भाग झारखंड राज्यात आहे. गुरुजींनी मला नकाशात रांची दाखवली आणि वाचायला पुस्तक दिलं. ते वाचून मी हे लिहिलं आहे.

जन्म व बालपण

बिरसा यांचा जन्म १५ नोव्हेंबर १८७५ रोजी उलिहातू या गावी झाला. हे गाव आता खुंटी जिल्ह्यात आहे. त्यांच्या वडिलांचे नाव सुगाना आणि आईचे नाव करमी. घरची फार गरिबी होती. स्वतःची पुरेशी शेती नव्हती. म्हणून आईवडील कामासाठी एका गावाहून दुसऱ्या गावाला जात. शेवटी ते चालकाड गावात राहिले. बिरसाचं बालपण तिथंच गेलं.

लहानपणी बिरसा जंगलात मेंढ्या चारायचा. त्याला बासरी छान वाजवता यायची. भोपळ्याचं एक तारेचं वाद्य असतं, त्याला तुइला म्हणतात. तेही तो वाजवायचा. जंगलातलं झाडन्‌झाड त्याला ओळखता यायचं.

घरात खायला कमी होतं म्हणून त्याला मामाच्या गावी ठेवलं. त्या गावाचं नाव आयुभातू. तिथून जवळच सालगा येथे जयपाल नाग हे शिक्षक शाळा चालवत होते. त्या शाळेत बिरसा शिकू लागला. पुढे मावशीचं लग्न झालं, तेव्हा मावशी त्याला सोबत घेऊन गेली. तिथं त्याच्याकडे शेळ्यामेंढ्या राखायचं काम आलं. पण त्याचं ध्यान दुसरीकडंच. जनावरं लोकांच्या पिकात शिरली आणि शेताच्या मालकानं त्याला मारलं. हे वाचून मला हसूपण आलं आणि वाईटपण वाटलं. कारण माझ्या हातूनसुद्धा एकदा शेळी दुसऱ्याच्या हरभऱ्यात गेली होती.

नंतर बिरसा बुर्जू येथील मिशनच्या शाळेत गेला आणि तिथे प्राथमिकची परीक्षा पास झाला. तो हुशार होता म्हणून त्याला पुढच्या शिक्षणासाठी चाईबासा गावी पाठवले. १८८६ ते १८९० अशी चार वर्षे तो तिथे शिकला. पण मुंडा लोकांच्या जमिनीवरून त्याचं मिशनच्या लोकांशी पटलं नाही. त्याला शाळा सोडावी लागली.

जमीन कशी गेली

आता बिरसा कशासाठी लढले ते सांगते. हे मला आधी कळलं नव्हतं. गुरुजींनी दोनदा समजावून सांगितलं.

फार पूर्वी तिथं नुसतं दाट जंगल होतं. मुंडा लोकांच्या वाडवडिलांनी ते तोडलं, दगडधोंडे काढले, शेतं केली आणि गावं वसवली. ज्या कुळानं जंगल तोडून गाव बसवलं त्या सगळ्या कुळाची ती जमीन. एकट्याची नाही. या पद्धतीला खुंटकट्टी म्हणतात. आपल्याकडे पूर्वी पाटील असायचा तसा त्यांच्या गावाचा प्रमुख असे. त्यालाही मुंडाच म्हणत.

या जमिनीचा त्यांच्याकडे कागद नव्हता. त्यांची खूण म्हणजे दगड. घरातलं माणूस वारलं की त्याच्या अस्थी पुरून त्यावर मोठी शिळा ठेवतात. त्या शिळेला ससानदिरी म्हणतात. ज्या गावात आपल्या वाडवडिलांच्या शिळा आहेत, ते गाव आपलं, असा त्यांचा हिशोब होता. तोच त्यांचा सातबारा.

पुढे तिथल्या राजानं बाहेरची माणसं आणून त्यांना गावं बक्षीस दिली. मग इंग्रजांचं राज्य आलं. जमीनदार, ठेकेदार आणि सावकार आले. या बाहेरच्या लोकांना मुंडा लोक दिकू म्हणत. दिकूंना लिहितावाचता येत होतं. भांडण कचेरीत गेलं की साहेब कागद मागायचा. जमीनदाराकडे कागद असायचा. मुंडांकडे शिळा होत्या, पण शिळेवर काही लिहिलेलं नव्हतं. त्यामुळे मुंडा लोक हरायचे. ज्यांच्या आजोबा-पणजोबांनी जंगल तोडलं तेच स्वतःच्या शेतात मजूर झाले.

आणखी एक जुलूम होता. वेठबिगार. तिकडे त्याला बेठबेगारी म्हणतात. जमीनदाराचं शेत फुकट नांगरायचं, त्याचं ओझं फुकट वाहायचं. पैसे मागायचे नाहीत. शिवाय १८७८ साली इंग्रजांनी जंगलाचा कायदा केला. त्यानंतर हळूहळू सरकारनं जंगलं ताब्यात घेतली. लाकूडफाटा आणणं, गुरं चारणं यावर बंधनं आली. काल घरचं होतं ते जंगल आज सरकारचं झालं.

आधी अर्ज केले

मुंडा लोकांनी लगेच हत्यार उचललं नाही, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. १८३१-३२ साली त्या भागात एक मोठा उठाव झाला होता, पण तो इंग्रजांनी मोडला. त्यानंतर मुंडांच्या पुढाऱ्यांनी, म्हणजे सरदारांनी, अर्ज करायला सुरुवात केली. त्यांनी कोर्टात दावे लावले. त्यासाठी वर्गणी काढली. कलकत्त्याच्या सरकारपर्यंत अर्ज धाडले. एक वर्ष नाही, दोन वर्षं नाही, तीस-पस्तीस वर्षं त्यांनी हे केलं. बिरसाच्या जन्माच्या आधीपासून हे चालू होतं. तरी जमीन काही परत मिळाली नाही.

चाईबासाहून आलेल्या बिरसाने हे सगळं पाहिलं. जंगलाच्या हक्कासाठी लोक एकत्र जमत, त्यांच्यात तोही जाऊ लागला.

लोकांचा धरतीआबा

१८९५ साली बिरसा फक्त १९ वर्षांचे होते. त्या वर्षी त्यांनी देवाने आपल्याला काम सांगितले आहे असे लोकांना सांगितले. ते आजाऱ्यांची सेवा करू लागले. स्वच्छ राहा, दारू पिऊ नका, भुताखेतांसाठी कोंबडी-बकरी कापू नका, एकच देव माना, अशी त्यांची शिकवण होती. लांबून लांबून लोक चालकाडला येऊ लागले. लोक त्यांना धरतीआबा म्हणू लागले. आबा म्हणजे वडील. धरतीआबा म्हणजे पृथ्वीचे वडील. आपणही आबा म्हणतोच की.

बिरसा नुसता धर्म सांगत नव्हते. हा मुलूख आपला आहे, इथं आपलंच राज्य असलं पाहिजे, जमीनदाराला खंड देऊ नका, असंही ते सांगू लागले. मग इंग्रज घाबरले. २४ ऑगस्ट १८९५ च्या रात्री बिरसा झोपलेले असताना पोलिसांनी त्यांना पकडले. त्यांना दोन वर्षे सक्तमजुरीची शिक्षा झाली आणि हजारीबागच्या तुरुंगात ठेवले.

ते तुरुंगात होते तेव्हा बाहेर दुष्काळ पडला, रोगराई आली. १८९७ च्या शेवटी ते सुटले. सुटल्यावर त्यांनी आधी उपाशी आणि आजारी लोकांना मदत केली. मग पुन्हा लोकांना गोळा केलं.

उलगुलान

आता बैठका रात्रीच्या होऊ लागल्या. डोंबारी नावाच्या डोंगरावर लोक जमत. गावोगावी बिरसांची माणसं जाऊन निरोप देत. बाया-माणसं सगळी सामील झाली. तिरकमठे, कुऱ्हाडी, गोफणी गोळा केल्या. या लढ्याला उलगुलान म्हणतात. उलगुलान म्हणजे फार मोठी खळबळ.

२४ डिसेंबर १८९९ ला उलगुलान सुरू झाले. खुंटी, तमाड अशा ठाण्यांच्या हद्दीत एकाच वेळी बाण सुटले, आगी लागल्या. जमीनदार, पोलीस आणि मिशन यांच्यावर हल्ले झाले. यात काही साध्या लोकांनाही इजा झाली. लढाई म्हटली की असं होतं, पण ते चांगलं नाही असं मला वाटतं.

एटकेडीह गावात गया मुंडा हे बिरसांचे साथीदार राहत होते. पोलीस त्यांना पकडायला आले. तेव्हा घरातली सगळी माणसं लढली. गया मुंडा यांच्या पत्नी माकी या तर तान्ह्या बाळाला घेऊन लढल्या. ७ जानेवारी १९०० ला मुंडांनी खुंटीच्या पोलीस ठाण्यावर हल्ला केला. मग इंग्रजांनी बंदुकवाले सैन्य आणले. ९ जानेवारी १९०० ला डोंबारीजवळच्या सैल रकाब डोंगरावर लोक जमले होते. सैन्यानं डोंगराला वेढा घालून गोळीबार केला. लोकांकडे बाण आणि दगड, इंग्रजांकडे बंदुका. बाण किती लांब जाणार? त्यात पुष्कळ माणसं मेली. बायका आणि लेकरंसुद्धा मेली.

बिरसा निसटले. सरकारने त्यांना पकडून देणाऱ्यास ५०० रुपये बक्षीस लावले. त्या वेळी ५०० रुपये म्हणजे फार मोठी रक्कम. ३ फेब्रुवारी १९०० रोजी चक्रधरपूरच्या बाजूच्या जंगलात ते झोपलेले असताना बक्षिसाच्या लोभाने त्यांना पकडून दिले. दोन्ही वेळा त्यांना झोपेतच पकडलं. जागेपणी पकडायची हिंमत कुणाला झाली नाही, असं मला वाटतं.

त्यांना रांचीच्या तुरुंगात ठेवले. ९ जून १९०० रोजी तुरुंगातच त्यांचा मृत्यू झाला. सरकारने सांगितले की पटकीने गेले. लोकांना ते खरं वाटलं नाही. तेव्हा बिरसांना पंचविसावं वर्षसुद्धा पुरं झालं नव्हतं. आमच्या काकाचं वय पंचवीस आहे. काका अजून क्रिकेट खेळतो.

नंतर काय झाले

मला वाटलं होतं, बिरसा गेले म्हणजे सगळं संपलं. पण तसं नाही. उलगुलानमुळे सरकारला कळलं की या लोकांचं ऐकलंच पाहिजे. मग सरकारने तिथल्या जमिनीची मोजणी केली आणि १९०८ साली छोटा नागपूरचा कूळकायदा केला. त्यात खुंटकट्टीचा हक्क लिहून ठेवला. आदिवासींची जमीन बाहेरच्या लोकांना सहजासहजी घेता येणार नाही असे ठरले. वेठबिगारही बंद करायचे ठरले. शिळेवर जे लिहिलेलं नव्हतं ते आता कायद्यात लिहिलं गेलं. पण हे बघायला बिरसा नव्हते.

पुढे आपला देश स्वतंत्र झाला. १५ नोव्हेंबर २००० रोजी, बिरसांच्या जन्मदिवशी, झारखंड राज्य स्थापन झाले. २०२१ पासून हा दिवस सगळ्या देशात जनजातीय गौरव दिन म्हणून पाळतात.

माझ्या मनातले

आता एक घरची गोष्ट सांगून संपवते. आमचे आजोबा रानाच्या कडेची जमीन कसायचे. कागद नव्हता. २००६ साली वनहक्काचा कायदा झाला, तेव्हा आजोबांनी अर्ज केला. कागद आला तेव्हा आजोबा नव्हते. तो कागद आजीच्या पत्र्याच्या पेटीत आहे. बिरसांची माहिती लिहिताना मी तो बाहेर काढायला लावला आणि मोठ्यानं वाचला. आम्ही दोन एकर कसतो. कागदावर ६० आर लिहिलं आहे. मी गुरुजींना विचारलं. ६० आर म्हणजे दीड एकर. आजी म्हणाली, पुन्हा वाच. मी पुन्हा वाचला. तेवढंच होतं. आजीला वाचता येत नाही, आणि बाबांनी घाईत आकडा बघितलाच नव्हता. आता बाबा हा विषय पुढच्या ग्रामसभेत मांडणार आहेत. अर्ज मी लिहिणार आहे. अक्षर गुरुजी तपासणार आहेत.

म्हणून पालकांनो, तुमच्या घरच्या पेटीत कागद असतील ते आम्हा मुलांना वाचायला द्या. चौथीच्या मुलांना वाचता येतं. मुंडा लोकांच्या वेळी कागद वाचणारं कुणी नव्हतं, म्हणून त्यांची जमीन गेली आणि एवढी माणसं मेली. आता आपण शिकतो आहोत. आपल्याला बाण मारायची गरज पडू नये.

अशा या थोर वीरास, धरतीआबा बिरसा मुंडा यांना माझे कोटी कोटी प्रणाम.

— एक विद्यार्थिनी, इयत्ता ४ थी