बिशप कोमेनियस यांचे देशांतर

लढाई पेटली म्हणजे लोक गाव सोडतात, हे सर्वांस ठाऊक आहे. परंतु ते केव्हा निघतात, आणि दूर न जाता बहुधा शेजारच्याच राज्यात का थांबतात, हे बिशप योहान आमोस कोमेनियस यांच्या चरित्रावरून चांगले समजते.

त्यांचा जन्म सन १५९२ साली मोराविया प्रांतात झाला. आईबाप लहानपणीच वारले. पुढे जर्मनीत विद्या संपादून १६१६ साली ते बंधुमंडळीचे पाळक झाले. ही मंडळी यान हूस यांच्या शिकवणीतून निघालेली होती. फुल्नेक गावी ते मंडळी व शाळा सांभाळीत असता तीस वर्षांचे युद्ध सुरू झाले. १६२० साली प्रागजवळ प्रॉटेस्टंट सैन्याचा मोड झाला. पुढल्या वर्षी प्रागच्या चौकात २७ पुढाऱ्यांस देहान्त शिक्षा झाली व फुल्नेकही लुटले गेले. कोमेनियस लपून राहिले. १६२२ साली त्यांची पत्नी व दोन मुले साथीत दगावली.

इतके होऊनही त्यांनी देश सोडला नाही, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. कार्ल झेरोटिन नामक सरदाराच्या आश्रयाने ते काही वर्षे राहिले. शिपायांची धाड आज येते, उद्या जाते. तेवढ्यापुरते रानात दडून राहता येते. कायद्यापुढे तसे चालत नाही. १६२७ साली बादशहाने नवा कायदा केला आणि बोहेमियातील सरदारांस फर्माविले की, सहा महिन्यांत रोमन मत स्वीकारा, नाही तर देश सोडा. आश्रय देणारेच निघाल्यावर आश्रित कोठे राहणार? १६२८ च्या आरंभी, ऐन हिवाळ्यात, कोमेनियस कुटुंबासह डोंगर ओलांडून पोलंडातील लेश्नो येथे गेले.

लेश्नोच का? तेथील जहागीरदार ह्याच मंडळीचे होते. १५४८ साली हद्दपार झालेले बंधुजन पोलंडात आधीच वसले होते. भाषा बोहेमियाच्या भाषेला जवळची होती. बाजारहाट अडत नसे. शिवाय दोन-चार वर्षांत वारा फिरेल व आपण घरी जाऊ, अशी सर्वांस आशा होती. मग दूर कशाला जावे?

गरीब कुळांस मात्र हाही मार्ग नव्हता. ती मालकाच्या जमिनीस बांधलेली असल्यामुळे त्यांस जाण्याची परवानगी नसे. काही रात्री पळून गेली. पुष्कळ मागे राहिली व पवित्र शास्त्र घरात लपवून वाचीत राहिली. त्यांची नावे कोणत्याही चरित्रात नाहीत.

लेश्नोत कोमेनियस यांनी शाळा चालविली. १६३१ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या लॅटिन पाठ्यपुस्तकाने युरोपभर नाव झाले. १६४८ साली तह झाला, परंतु त्यात ह्या परागंदा लोकांस परतण्याची मुभा मिळाली नाही. त्याच वर्षी ते मंडळीचे प्रमुख बिशप झाले. त्यांचा कळप मात्र देशोदेशी पांगला होता.

पुढे स्वीडनच्या राजाने पोलंडवर स्वारी केली, तेव्हा कोमेनियस यांनी त्या राजाच्या स्तुतीपर लेख लिहिला. ज्याच्या घरी आसरा घेतला त्याच्या शत्रूस गौरविणे आमच्या मते शहाणपणाचे नव्हते. १६५६ साली पोलिश फौजेने लेश्नो जाळले. चाळीसांहून अधिक वर्षे खपून जमविलेला त्यांचा चेक शब्दकोश त्या आगीत नष्ट झाला. वयाच्या चौसष्टाव्या वर्षी ते पुन्हा निघाले व अ‍ॅमस्टरडॅम येथे राहिले. मुलांसाठी लिहिलेले त्यांचे सचित्र पुस्तक १६५८ साली न्युरेंबर्ग येथे छापले गेले.

१५ नोव्हेंबर १६७० रोजी ते वारले. त्यांची कबर हॉलंडातील नार्डेन गावी आहे.